पहिली होडी कुणाच्या मापाची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी पालीचा. गणपतीची पाली ती रायगड जिल्ह्यात, आमची पाली रत्नागिरी तालुक्यातली. मुंबईकडून येणारा महामार्ग आमच्या गावात दुभंगतो. एक रस्ता अंजणारीवरून लांजा, राजापूर करत गोव्याकडे जातो आणि दुसरा नाणीज, साखरपा करत आंबा घाटाने कोल्हापूरला चढतो. समुद्र आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर. त्यामुळे 'कुटुंबासाठी पहिली कयाक कशी निवडावी' या विषयावर बोलायला मला बोलावलंय, हे कळल्यावर घरात मोठा हशा झाला. हसणाऱ्यांकडे तसं सबळ कारण होतं. ते पुढे सांगतोच.

अलीकडे तिठ्यावर चहा घेत बसलं की एक नवं दृश्य दिसतं. पुण्यामुंबईकडच्या गाड्यांच्या टपावर पिवळ्या, केशरी, निळ्या लांबट होड्या पट्ट्यांनी आवळून बांधलेल्या असतात. टपरीवरचा एक म्हातारा गृहस्थ पहिल्यांदा म्हणाला होता, "अंगोळीचं टब नेतायत वाटतं." आता त्यालाही कयाक हा शब्द ठाऊक झालाय. तारकर्ली-देवबागला सहलीला गेलेली मंडळी तिथे अर्धा तास वल्हं मारतात, घरी परततात, आणि आठ दिवसांत कुणीतरी म्हणतं, आपलीच एक घेऊ या की! माझ्या पुतण्याचंही तसंच झालं. तो पुण्याला असतो. त्याचा फोन आला, "चाचा, कयाक घ्यायचीय. कुठली घेऊ?"

आता हा प्रश्न मलाच का? तर आमच्या घराण्यात पैसे मोजून चुकीची होडी घेतलेला मी एकटाच आहे.

माझं आजोळ कर्ल्याचं, रत्नागिरी शहराला लागून असलेल्या खाडीकाठचं. काजळी नदी सह्याद्रीतून निघते, साखरप्याकडून खाली येते, अंजणारीच्या पुलाखालून जाते आणि भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. म्हणजे आमच्या पालीच्या बाजूचं पाणी शेवटी माझ्या मामूच्या दारातूनच जायचं. लहानपणी मे महिना तिकडेच जायचा. मामूची एक लहान होडी होती, उंडीच्या तेलाचा वास मारणारी. बाजूला दोन दांड्यांना बांधलेला लाकडाचा ओंडका, त्याला म्हणायचं उलांडी. होडी एका अंगाला कलली की उलांडी पाण्यावर टेकायची नाहीतर आपल्या वजनाने तिला मागे ओढायची. आम्ही सहा-सात पोरं त्या होडीत काय वाटेल ते करायचो. ती उलटल्याचं मला आठवत नाही. होडी म्हणजे न उलटणारी वस्तू, अशी माझी समजूत तेव्हा झाली, ती पंचेचाळिशी ओलांडेपर्यंत टिकली.

मग एकदा एका गृहस्थाने जुनी कयाक विकायला काढल्याचं कळलं. बघायला गेलो. लांबी पाच मीटर, रुंदी जेमतेम साठ सेंटिमीटर. पांढरी शुभ्र. पुढचं टोक बगळ्याच्या चोचीसारखं. दोन माणसांना बसायला वरून दोन भोकं, बाकी सगळं बंद. मी बी.ए. झालो मराठी घेऊन. शास्त्र विषय दहावीलाच सुटला. त्या होडीची रेषा बघितली आणि भाव न करता पैसे देऊन आलो. आयुष्यभर ओळीतल्या मात्रा मोजणारा माणूस, पण तिची रुंदी मोजावी हे काही सुचलं नाही.

पहिल्याच रविवारी आमच्या धाकटीला घेऊन कर्ल्याच्या धक्क्यावरून निघालो. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. ती पुढच्या भोकात, मी मागच्या. काठापासून फार तर तीस-चाळीस हात गेलो असू. तिला पाण्यात काहीतरी तरंगताना दिसलं, ती वाकली. होडी कलली. मी तिला सावरायला म्हणून झटक्यात दुसरीकडे झुकलो, आणि पुढच्या क्षणाला आम्ही दोघं पाण्याखाली, होडी डोक्यावर. मी बाहेर आलो. धाकटीही आली, पण तिच्या अंगात मोठ्या माणसाचं जाकीट होतं. ते पाण्यात सरकून वर आलं आणि तिच्या तोंडावर चढलं. डोकं पाण्याच्या वर, पण डोळ्यांपुढे जाकीट. तिला वाटलं, आपण अजून पाण्याखालीच आहोत. ती हवेत असून श्वास घेत नव्हती. ते दोन-तीन सेकंद मी कवितेत आणायचा प्रयत्न कधी केला नाही आणि करणारही नाही.

पाणी माझ्या छातीइतकं होतं. तिला उचललं, चिखलातून काठाला आणलं. येताना खडकावरच्या कालवांनी तिचा पाय चिरला. होडी पाण्याने भरून आडवी झाली होती. त्या बंद पोटात शेदोनशे लिटर पाणी शिरलं असेल, ती मला हलेना. शेवटी एका मच्छीमाराने आपल्या होडीला बांधून ती ओढून आणली. त्याने मला काही विचारलं नाही, एवढा तो सभ्य होता.

घरी आल्यावर पत्नी एकच वाक्य बोलली. म्हणाली, "तुमची होडी तुमच्या कवितेसारखी आहे. दिसायला छान, पण दुसऱ्या कुणाला बसायला जागा नाही." मामू तेव्हा ऐंशीच्या घरातला. तो होडीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "होरी घेताना होरी नको बगूस. बसनार कोन ता बग."

ती कयाक मग दोन वर्षं आमच्या अंगणात फणसाखाली पडून होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. आणि धाकटी दोन वर्षं खाडीच्या पुलावरून जातानासुद्धा गाडीच्या दुसऱ्या खिडकीकडे सरकायची.

श्रोतेहो, त्या होडीत तसा काही दोष नव्हता. ती लांबच्या प्रवासासाठी, मुरलेल्या माणसासाठी बांधलेली होती. दोष निवडीत होता. म्हणून हे थोडं उलगडून सांगतो.

कयाक हा शब्द उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचा. लाकडाची किंवा हाडांची चौकट आणि तिच्यावर सीलची कातडी शिवलेली, अशी ती शिकाऱ्याची होडी. एकट्या पुरुषाची. बर्फाच्या पाण्यात पडलं तर मरणच, म्हणून तो कातडी अंगरखा होडीच्या तोंडाला आवळून बांधायचा आणि उलटला तर आत बसूनच वल्ह्याच्या झटक्याने सुलटा व्हायचा. मग त्यांच्या बायकापोरांनी कशातून जायचं? त्यांच्यासाठी वेगळी होडी होती, उमियाक. उघडी, रुंद, मोठी. ग्रीनलंडमध्ये ती बहुतेक बायकाच वल्हवायच्या. सगळा संसार, म्हातारी माणसं, कुत्री तिच्यातून जायची. हे वाचलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. ज्यांनी कयाक शोधून काढली त्यांनीही कुटुंबाला कयाकमध्ये बसवलं नव्हतं, आणि मी पालीचा माणूस नऊ वर्षांच्या पोरीला शिकाऱ्याच्या होडीत बसवून निघालो होतो.

कनू हा शब्द कॅरिबियन बेटांकडचा, कोलंबसाच्या लोकांनी युरोपात नेलेला. कनू उघडी असते, आपल्या डोणीच्या जातीची. बाकावर उंच बसायचं आणि एकाच बाजूला पातं असलेलं वल्हं मारायचं. कयाकमध्ये तळाशी पाय पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं फिरवायचं. इंग्रज लोक बरेचदा दोन्हींना कनूच म्हणतात, त्यामुळे जुनी पुस्तकं वाचताना घोटाळा होतो.

कुटुंबाला काय बरं? धरणाच्या शांत पाण्यात डबे, चटया, दोन लहान मुलं घेऊन दिवसभर हिंडायचं असेल तर कनू झकास. सामान भरपूर मावतं, मुलांना बूड हलवता येतं. पण तिच्या उंच कडांना वारा धरतो आणि लाट आत आली की पाणी आतच राहतं. आपल्याकडे खाडीत दुपारी खारा वारा सुटतो, तेव्हा नवख्या माणसाने कनूत बसू नये, असं माझं मत.

कयाकमध्ये पुन्हा दोन जाती. एक आमच्यासारखी, भोकात पाय घालून बसायची. दुसरी वरून बसायची. हिला पोट बंद, आत हवा, वर बसायला खोलगट जागा. मधून आरपार भोकं ठेवलेली असतात, त्यातून वर आलेलं पाणी आपोआप खाली जातं. पाहिल्यावर वाटतं, भोकं पडलेली होडी कोण घेतो! पण हीच ती. उलटली तर तुम्ही नुसते पाण्यात पडता, अडकत नाही. तिला उलटी करून ठेवली की झालं, उपसायला काही नाही. इथलं पाणी थंड नसतं, भिजलं तरी बिघडत नाही. कोकणात पहिली होडी घेणाऱ्या कुटुंबाने डोळे मिटून हीच जात घ्यावी. डोळे मिटून हा शब्द मागे घेतो. मोजपट्टी घेऊन.

मोजायची ती आधी रुंदी. माझा थोरला इंजिनिअर आहे. त्याने मला कागदावर काढून दाखवलं की होडीचं पाण्यावरचं स्थैर्य तिच्या रुंदीच्या घनाच्या हिशेबाने वाढतं. रुंदी दीडपट केली तर स्थैर्य दीडपट नाही, तिपटीहून जास्त होतं. माझी साठ सेंटिमीटरची होती. ऐंशीची असती तर कलण्याला दुपटीहून अधिक विरोध झाला असता. मामूने हे गणित केलं नव्हतं, पण उलांडी दुसरं काय होती? अरुंद होडीला परकी रुंदी जोडून देण्याची युक्ती. दोघांच्या कयाकला ऐंशी ते नव्वद सेंटिमीटर रुंदी आणि साधारण साडेतीन ते चार मीटर लांबी ठीक. अशी होडी हळू चालते, हे खरं. लांब आणि अरुंद होडी पाणी कापते, आखूड आणि रुंद होडी पाणी ढकलते. पण पहिल्या वर्षी तुम्हाला कुठे पोचायचंय?

नंतर वजन, दोन्ही अर्थांनी. होडी किती वजन पेलते ते तिच्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा बुडण्याच्या आधीचा असतो, सुखाने चालण्याचा नव्हे. त्याच्या दोन-तृतीयांशापर्यंतच भरावी. नवरा, बायको, एक मूल, पाणी आणि डबा धरून दीडशे किलो होत असतील तर होडीवर सव्वादोनशे लिहिलेलं असावं. आणि होडीचं स्वतःचं वजन! दुकानात कुणी हे विचारत नाही. दोघांची प्लास्टिकची कयाक तीस किलोच्या आसपास, कधी त्याहून जास्त. ती पालीहून टपावर चढवायची, धक्क्यावर उतरवायची, ओहोटीच्या चिखलातून न्यायची, आणि दमून आल्यावर पुन्हा चढवायची. घरात उचलणारे दोन हात कुणाचे, ते आधी ठरवावं. आमच्या ओळखीच्या एका घरातली कयाक उत्तम आहे. फक्त पाठदुखीमुळे ती तीन वर्षं गॅरेजच्या बाहेर आलेली नाही.

हवा भरायच्या होड्यांबद्दल पुतण्याने विचारलं. घडी घालून पिशवीत बसते, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला सोयीची, तिसऱ्या मजल्यावर नेता येते. रुंद असल्याने स्थिरही असते. धरणावर जाड कापडाची, वेगवेगळे कप्पे असलेली घ्यायला माझी हरकत नाही. पोहण्याच्या तलावातली खेळण्याची होडी म्हणजे ती नव्हे. पण खाडीत? आमच्या खडकांवर, धक्क्याच्या पायऱ्यांवर, पुलाच्या खांबांवर कालवं बसलेली असतात. त्यांची धार किती, ते धाकटीच्या पायाला विचारा. शिवाय तिवरांची वर आलेली मुळं. तिथे कडक प्लास्टिकच बरं. त्याला ओरखडे पडतात, पण ते फाटत नाही. त्याचा वैरी ऊन. अंगणात उघड्यावर ठेवलं तर ते काही वर्षांत ठिसूळ होतं. सावलीत, कुशीवर, दोन ठिकाणी टेकू देऊन ठेवावी. कोंबड्यांपासून लांब.

आता जाकिटाबद्दल. होडीत पैसे वाचवा, जुनी घ्या, रंग उडालेली घ्या. जाकिटात वाचवू नका. ते ज्याचं त्याच्या मापाचं हवं. मुलाचं जाकीट वयावर नाही, वजनावर मिळतं, आणि त्याला दोन्ही मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा. सगळे पट्टे आवळा, मग दोन्ही खांद्यांवर धरून मुलाला वर उचला. जाकीट कानापर्यंत सरकलं तर ते त्याचं नाही. एवढीशी परीक्षा. मी त्या दिवशी ती केली असती तर आज वेगळ्याच विषयावर बोललो असतो. जाकिटावर 50, 100 असे न्यूटनचे आकडे असतात. 50 म्हणजे साधारण पाच किलोची उचल. ते ज्याला पोहता येतं त्याच्यासाठी, मदत जवळ असताना. पोहता न येणाऱ्याला 100 चं द्यावं. अंगावर थोडं जाड होतं, वल्हवताना अडचण वाटते. वाटू द्या.

वल्ह्याचं थोडक्यात. रुंद होडीला लांब वल्हं लागतं, दोनशे तीस-चाळीस सेंटिमीटरचं. मुलाला आखूड आणि हलकं. नाहीतर दहा मिनिटांत त्याचे खांदे दुखतात, ते रडतं आणि तुम्हाला वाटतं, त्याला पाण्याची आवड नाही. एक शिटी प्रत्येकाच्या जाकिटाला बांधलेली. मोबाईल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. बाकीचं सामान दुकानदार दाखवील तेवढं आहे, त्यातलं निम्मं लागत नाही.

आम्ही दुसऱ्यांदा होडी घेतली ती कशी, ते सांगतो. आधी गेलो देवबागला. तिथे कर्ली नदीची खाडी आहे. आमचं ते कर्ला, मालवणकडची ती कर्ली. तिथे कयाक भाड्याने मिळतात. धाकटी काठावर बसून राहिली. पत्नी म्हणाली, मी बसते. तिला पोहता येत नाही. तिला पाण्याची भीती आहे आणि ती भीती ती लपवत नाही. होडीत बसण्याआधी तिने तिथल्या मुलाला एकच विचारलं, "मी पडले तर परत वर कशी चढू?"

मी इतकी वर्षं होड्यांचे फोटो बघत होतो, मला हा प्रश्न सुचला नव्हता. त्या मुलाने सांगितलं, "मावशी, आधी पडून बघू या." कंबरेइतक्या पाण्यात त्याने तिला मुद्दाम पाडलं. ओढणी आधीच काठावर ठेवायला लावली होती. सैल कपडा पाण्यात पायांत अडकतो. मग शिकवलं. होडीच्या मध्यावर पलीकडची कड धरायची, पाय मारत पोटावर पालथं पडायचं, मग कुशीवर, मग बसतं व्हायचं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा होडीच अंगावर आली. तिसऱ्यांदा ती वर बसली आणि इकडेतिकडे बघू लागली, कुणी पाहिलं की नाही. तेव्हा धाकटी काठावरून उठली आणि पाण्यात गुडघाभर आली.

त्यावरून आमची निवड ठरली. ज्या होडीवर माझी पत्नी पाण्यातून चढू शकते तीच आमची होडी. विकत घेण्याआधी तीन वेगवेगळ्या होड्यांवर तिला पाडलं. तिने मला ते अजून माफ केलेलं नाही. एक फारच उंच होती, एकीला धरायला कड नव्हती. जी जमली ती दिसायला म्हणाल तर तरंगणारी म्हैस आहे. रंग विटलेला केशरी, तीन मीटर साठ, रुंदी पंच्याऐंशी. पुढे बाक, मागे बाक, मधे मुलाला बसायला खोलगट जागा.

पुतण्याला मी फोनवर हेच विचारलं. तुझ्या घरात पाण्याला सगळ्यांत जास्त कोण भितं? त्याला आणि तिला घेऊन जा, बजेट नंतर सांग. तिकडे बराच वेळ शांतता. हा माझा पुतण्या म्हणजे रोज व्यायामशाळेत जाणारा गडी. मग हळूच म्हणाला, "चाचा, खरं सांगू? मीच." आधी पोहायला शीक, असं सांगितलं. तो आता शिकतोय. तुम्ही धरणावर जाणार असाल तर तिथे परवानगी आहे का, हे पाटबंधाऱ्याच्या लोकांना आधी विचारा. सगळ्या धरणांवर उतरू देत नाहीत.

खाडीवाल्यांसाठी मात्र आणखी थोडं. होडी कितीही चांगली असली तरी खाडीत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी असते, आणि उधाणाच्या ओहोटीचा ओढ नवख्या वल्ह्याला जुमानत नाही. भाट्याच्या खाडीचं मुख गाळाने भरलेलं आहे. तिथे आमच्या राजिवड्याच्या, कर्ल्याच्या मुरलेल्या मच्छीमारांच्या होड्याही लाटेत सापडतात. कयाकवाल्याने पुलाच्या समुद्राकडच्या बाजूला जाऊच नये. मामूचा हिशेब साधा होता. तिथीची पाऊणपट करायची. द्वादशी असेल तर बारा पाऊणे नऊ, म्हणजे नवाच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. हा ठोकताळा. मुंबईपेक्षा आपल्याकडे पाणी काहीसं आधी चढतं. मामू तिथी विचारायचा नाही, आमचा चांद मोजायचा, पण चंद्र एकच असल्याने एखाद्या दिवसाच्या फरकाने भरती तीच यायची. आता मोबाईलवर मिनिटासकट वेळ मिळते, ती जरूर बघा.

तर द्वादशी-त्रयोदशीचा रविवार उत्तम. सकाळी सातला निघायचं. भरतीचं पाणी तुम्हाला आपोआप वर, सोमेश्वरच्या बाजूला नेतं. नवाला पाणी थांबलं की वळायचं आणि ओहोटी जोर धरायच्या आत परत यायचं. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, पाणी आरशासारखं. अकराच्या पुढे खारा वारा सुरू झाला की मुलं दमलेली असताना तोंडावर लाटा घेत यावं लागतं. ओहोटी संपताना निघालात तर पाण्याऐवजी चिखल वल्हवाल. दुसऱ्याच्या जाळ्यांवरून, बांबूंवरून जाऊ नका. ती कुणाची तरी रोजी आहे. वाशिष्ठीत चिपळूणच्या बाजूला मगरी आहेत. नव्या नदीत उतरण्याआधी काठावरच्या माणसाशी दोन शब्द बोलावे. आणि पावसाळ्यात होडी घरात. किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे व्यवसायही मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, ते उगाच नव्हे. घाटात पाऊस पडला की काजळी अंजणारीला काय रूप घेते, ते आम्ही पालीकर दरवर्षी पाहतो.

मामू आता नाही. त्याची उलांडी आजोळच्या पडवीत आडवी टांगलेली आहे, तिच्यावर मिरच्या वाळत घालतात. धाकटी बारावीला आहे. आमच्या म्हशीच्या पुढच्या बाकावर ती बसते, पत्नी मागच्या बाकावर. सुकाणू नाही, त्यामुळे दिशा मागचं माणूस ठरवतं, हे पत्नीला फार आवडलंय. मी बहुतेक वेळा धक्क्यावर चहाचा थर्मास घेऊन बसतो. तिघं बसलो की वजन दोन-तृतीयांशाच्या वर जातं, असा धाकटीचा हिशेब आहे, आणि तो बरोबर आहे. येत्या रविवारी त्रयोदशी येतेय. पहाटे साडेपाचला होडी टपावर चढवायचीय, आणि थोरला तर पुण्याला आहे. शेजाऱ्यांना आजच सांगून ठेवावं लागेल.